सुटला नाही की सोडला नाही

आपल्याकडे वाडे, देवळं, शाळा, पंक्ती, पणजीच्या हातचं सोलकढीचं वाटप, सगळ्यावर लिहून झालं. मी आज दोरांबद्दल लिहिणार आहे, शिडाच्या होडीच्या दोरांबद्दल. थोडं लांबलंय, तेव्हा सवडीने वाचा.

आम्ही रायबंदरचे. घरात मराठी, अंगणाबाहेर कोंकणी, हे चार पिढ्यांचं. मांडवी दारातून दिसते, पण आमच्यासारख्या घरांचा पाण्याशी संबंध म्हणजे दिवाडीची फेरीबोट, बाजारातली मासळी आणि दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन. कुणी कधी शीड उभारलं नाही. त्यामुळे माझी मुलगी शिडाची होडी चालवायला शिकली आणि 'बाबा, जुनी का होईना, आपली एक होडी हवी' म्हणाली, तेव्हा घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

होडी मिळाली ती चार घरं सोडून, अण्णांच्या मांगरात. अण्णा नात्याने आमचे कुणी नाहीत, पण सख्ख्या काकांहून जवळचे. जन्मभर खनिजाच्या बार्जवर काम केलं, २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा घरी बसले. समोर दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली आणि ती घेऊन दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये परत आले. शिडाच्या होडीतून एकट्याने जगाला फेरी मारणारे ते पहिले भारतीय. आमच्या नदीच्या काठी बांधलेली, आमच्या नदीचंच नाव असलेली होडी! त्या भरात अण्णांनी ही जुनी एंटरप्राइझ विकत घेतली होती. मुलासाठी. ती २०१३ पासून मांगरात निळ्या ताडपत्रीखाली पडून होती. का, ते अण्णा बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू. अकरा हजार रुपये त्यांच्या हातात ठेवले, तेही त्यांनी न मोजता उशाखाली सारले.

एंटरप्राइझ ही जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराची १९५६ मधली होडी. लांबी चार मीटरच्या जरा वर, दोन माणसांची, दोन शिडांची. शिडं निळ्या रंगाची, तीच तिची ओळख. आमची फायबरची होती, डोलकाठी ॲल्युमिनियमची. सांगाडा धुऊन पुसून बघितला तर बरा निघाला. खरा घोळ दोरांचा होता. अर्धे डोलकाठीला लोंबत होते, अर्धे गोणपाटात कोंबलेले आणि त्या गोणपाटात उंदरांनी संसार थाटलेला.

मी सरळ सुरी घेऊन सगळे कापून टाकायला निघालो होतो. मुलीने हात धरला. म्हणाली, 'बाबा, आधी वाचायचं, मग काढायचं.'

आणि तिने वही उघडली. चार रकाने. दोर कुठून निघतो, कुठून कुठून जातो, कुठे संपतो आणि त्याला काय धरून ठेवतं. दोन दिवस आम्ही एकही दोर सोडला नाही, नुसते बोट फिरवत गेलो. प्रत्येकाला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहिलं. मग चित्र स्पष्ट झालं. होडीवर दोर दोन जातींचे. एक जात जागची न हलणारी, डोलकाठीला तिन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा. दुसरी जात धावती, म्हणजे होडी चालवताना हाताने ओढायची आणि सैल सोडायची. आमच्या होडीवर ही दुसरी जात आठ दोरांची होती. मोठं शीड चढवायचा एक, पुढचं लहान शीड चढवायचा एक. मोठं शीड आत-बाहेर घ्यायचा एक, लहान शिडाचा एक. शीड खालच्या बाजूने ताणायचे दोन. खालची आडवी बूम वाऱ्याने वर उचलू नये म्हणून एक. आणि सुकाणूचं पातं वर-खाली करायला एक. कागदावर आठच. गोणपाटात मात्र तुकडे निघाले बावीस. त्यातला एक तर कपडे वाळत घालायच्या दोरीचा होता.

इथे एक गंमत सांगतो. मुलगी सारखी 'मेनशीट, जिबशीट' म्हणायची आणि मी शिडाकडे बघायचो. शीट म्हणजे शीड नव्हे! शीट म्हणजे शिडाला आवरणारा दोर. मी आठवडाभर गोंधळलो. शेवटी अण्णांना विचारलं तर ते सहज म्हणाले, 'अरे, ती दामण.' त्यांचं आजोळ वेंगुर्ल्याचं, तिथे मचव्यावर शिडाच्या या दोराला दामण म्हणत. आपल्या भाषेत शब्द होता, मला माहीत नव्हता इतकंच. त्या दिवसापासून आमच्या वहीत मेनशीट खोडून मोठी दामण आणि जिबशीट खोडून लहान दामण झालं.

मग धुणं. मिठाच्या पाण्यात राबलेला दोर वाळला की मीठ त्याच्या तंतूंमध्ये बसतं. त्याचे खडे आतून कातरत राहतात. रात्रभर गोड्या पाण्यात भिजत घालायचा, पाणी बदलायचं, सौम्य साबण, पुन्हा दोन पाणी, आणि वाळवायचा सावलीत. ब्लीच नाही, कडक ऊन नाही. जून लागला होता, त्यामुळे ऊन नव्हतंच, पण वाळेपर्यंत चार-चार दिवस. ओटीवर आडव्या काठ्या बांधून दोर टाकले होते. येणारा-जाणारा विचारायचा, 'शेवया का?'

धुऊन झाल्यावर परीक्षा. डोळे मिटून दोर बोटांतून सरकवायचा. जिथे अचानक बारीक किंवा चपटा लागेल तिथे आतला गाभा तुटला, वरचं आवरण कितीही छान दिसो. जिथे काचेसारखा गुळगुळीत आणि कडक लागेल तिथे घासून वितळलाय. आणि चोळल्यावर भुकटी पडली तर उन्हाने खाल्लाय. पिवळ्या-हिरव्या प्लास्टिकच्या दोरांची भुकटी पडते. तारेला मात्र बोट लावायचं नाही, सुती फडका फिरवायचा. जिथे फडका अडकेल तिथे तारेचा एखादा पदर तुटून काटा उभा राहिलेला असतो. आमच्या लहान शिडाच्या तारेत फडका तीन ठिकाणी अडकला. ती गेली भंगारात. बावीस तुकड्यांपैकी पुन्हा वापरण्याजोगे निघाले चार.

आता मोठं शीड चढवायचा दोर. तो डोलकाठीच्या पोटातून जातो, वरच्या टोकाच्या कप्पीवरून वळून बाहेर येतो. तो नुसता ओढून काढला तर नवीन कसा घालणार? पोकळ काठीत दोर ढकलता येत नाही. आम्ही दोघं तार घालू, चुंबक लावू असली चर्चा करत असताना माझी आई, वय ब्याऐंशी, मांगराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, 'परकराची नाडी बदलताना काय करतात? जुनी काढायच्या आधी नवी तिला टाचायची आणि मग ओढायची. एवढं कळत नाही?'

खलाशी लोकसुद्धा हेच करतात म्हणे, आणि आमच्या घरात ते शंभर वर्षं चालू आहे! आईने गोधडीची मोठी सुई आणली. गाठ मारायची नाही, गाठ कप्पीत अडकते. दोन दोरांची टोकं समोरासमोर ठेवून लांब टाके घातले, वरून पातळ चिकटपट्टी गुंडाळली. मी खालून हळूहळू ओढत होतो, मुलगी वरच्या टोकाला नवा दोर सोडत होती. कप्पीवर क्षणभर अडलं, मग सुटकन आलं. आई म्हणाली, 'झालं?' आणि भात लावायला गेली.

नव्या दोरांबद्दल थोडं, कारण कुणी या फंदात पडणार असेल तर पैसे वाचतील. मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळतो तो दोर स्वस्त आणि मजबूत, पण बहुतेक शिडाच्या कामाचा नाही. नायलॉन ताणतं. नांगराला ते चांगलं, लाटेचा हिसका सोसतं. पण शीड चढवायच्या दोराने ताणू नये, नाहीतर वारा वाढला की शीड खाली सरकतं आणि त्याला पोट सुटतं. तिथे विणीचा पॉलिएस्टर हवा. शीड चढवायला आम्ही पाच मिलिमीटरचा घेतला. दामणीला आठ मिलिमीटरचा. बळ कमी जाडीतही मिळतं, पण तासभर ओल्या हातात धरायची असते, बारीक दोर तळव्यात रुततो. शीड चढवायचा दोर डोलकाठीच्या दुपटीहून थोडा लांब. लहान दामण एकच सात मीटरची, मध्यावर शिडाला बांधलेली, दोन्ही टोकं होडीच्या दोन बाजूंना, आणि टोकाला इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ, म्हणजे ती कप्पीतून निसटून जात नाही. कापलेली टोकं आधी लायटरने वितळवायची, मग मेणाच्या दोऱ्याने घट्ट गुंडाळायची. कप्प्यांना तेल-ग्रीस नको, त्यावर रेती चिकटते. गरम गोडं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे.

सात दोर झाले. राहिली मोठी दामण.

ती आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण ती सुटतच नव्हती. मधल्या आडव्या फळीवर पितळेचा दोन शिंगांचा खुंटा होता, मासेमारी बोटीवर असतो तसा. त्यावर दामण एक वेढा, मग आठाचे दोन वेढे, आणि सर्वांत वर एक उलटा फास घालून आवळलेली होती. अकरा वर्षांत मिठाने ती दगड झाली होती. मुलगी ते बघून गप्प झाली. मग म्हणाली, 'बाबा, लहान होडीत मोठी दामण कधीच बांधत नाहीत. ती हातात असते. फार तर दात असलेल्या क्लीटमध्ये, की नुसतं वर उचकलं की सुटली पाहिजे. वाऱ्याचा झोत आला की पहिल्यांदा ती सोडायची. शीड फडफडतं, होडी सरळ होते. नाही सोडली तर उलटते.'

खुंट्याच्या बाजूला बोट फिरवलं तर लांबीने बुजवलेली दोन छिद्रं लागली. पूर्वी तिथे दातांचा क्लीट होता, कुणीतरी तो काढून हा खुंटा बसवला होता.

आम्ही पाणी ओतून ओतून तासाभराने वेढे सोडवले. मग तिने एक प्रयोग केला. दामण तशीच्या तशी पुन्हा बांधली, मला दुसऱ्या टोकाला अंगाचा भार देऊन ओढायला लावलं आणि सोडवून बघितलं. फास सुटेना. मी ढील दिली तेव्हाच सुटला. पाण्यावर वारा ढील देत नाही.

आता ते सांगतो, जे रायबंदरात सगळ्यांना माहीत होतं. २०१३ मध्ये अण्णांचा मुलगा, तेव्हा सोळा वर्षांचा, मित्राला घेऊन दोनापावलाकडे होडी घेऊन गेला. दुपारचा समुद्रावरचा वारा वाढला, झोत आला, होडी उलटली. दोघांना जीवरक्षक जाकिटं होती, मासेमारीच्या होडीने उचललं, पण मित्राचा हात मोडला. गावात बोललं गेलं की पोरगा घाबरला, दोर धरूनच बसला, दोर सोडला नाही. अण्णांनी होडी मांगरात टाकली. मुलाने पुढे पाण्याचं नाव काढलं नाही. शिकला, नोकरीला बडोद्याला गेला. दर चवथीला येतो, माटोळी बांधायला असतो, पण मांगराकडे फिरकत नाही. बाप-लेकाचं बोलणं म्हणजे 'जेवलास?' आणि 'गाडी किती वाजताची?'

मला आठवलं ते त्या मुलाचं त्या वेळचं एकच वाक्य. आमच्या ओटीवर बसून, ओल्या केसांनी, तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, 'दोर सुटला नाही, काका. दोर सुटला नाही.' आणि आम्ही सगळ्या मोठ्या माणसांनी ऐकलं ते 'सोडला नाही'. दोन अक्षरांचा फरक. सुटला नाही यात दोराचा दोष, सोडला नाही यात पोराचा.

अण्णांना सांगायचं की नाही यावर घरात रात्रभर खल झाला. बायको म्हणाली, 'ऐंशीच्या माणसाला आता कशाला?' मुलगी म्हणाली, 'मग त्या दादाचं काय? तो अजून सत्तावीसचाच आहे.' शेवटी आईने निकाल दिला. 'सांगा. पण सांगू नका, दाखवा.'

दुसऱ्या दिवशी अण्णांना मांगरात खुर्ची टाकून बसवलं. मुलीने दामण तशीच बांधली, त्यांच्याच हातात दोराचं टोक दिलं आणि मी ताण दिला. 'अण्णा आजोबा, सोडवा.' अण्णांची बोटं अजून भक्कम आहेत. त्यांनी एकदा ओढलं, दोनदा ओढलं. फास जागचा हलला नाही. मग त्यांनी खुंट्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

'हा मीच बसवला,' ते म्हणाले. 'आधीच्या क्लीटचे दात झिजलेले. दोर पोराच्या हातातून सरकायचा, हात सोलून निघायचे. म्हटलं, पक्कं काहीतरी हवं. फास घालायला पण मीच शिकवलं. बार्जवर असाच घालतात.'

बार्जवर ते बरोबरच आहे. धक्क्याला बांधलेल्या बार्जचा दोर सुटता कामा नये, सुटला तर माणसं मरतात. ज्या माणसाने तीस वर्षं सुटू न देण्याची विद्या कमावली, त्याने मुलाला दुसरं काय शिकवावं? शिडाच्या होडीत मात्र दोर सुटलाच पाहिजे. दोन्ही पाण्यावरचीच कामं, दोन्हीत दोरच, पण नियम अगदी उलटे. हे मी अण्णांना बोललो नाही, ते स्वतःच बोलले, जवळजवळ याच शब्दांत.

त्या रात्री त्यांनी बडोद्याला फोन लावला. काय बोलणं झालं ते आम्हाला माहीत नाही. त्यांच्या खोलीतला दिवा मात्र उशिरापर्यंत चालू होता.

खुंटा आम्ही काढला, छिद्रं बुजवली, त्या जागी नवा दातांचा क्लीट बसवला. वर उचकलं की दामण सुटते. मुलगी ते दिवसातून दहादा करून बघायची, कट् कट् आवाज यायचा.

चवथीला मुलगा आला. माटोळीच्या काठ्या आणि केवणीचे दोर मांगरातच ठेवलेले असतात. इतकी वर्षं ते आणायला दुसऱ्या कुणाला पाठवायचा, या वेळी स्वतः गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी डोकावलो. तो होडीपाशी उकिडवा बसून नव्या दामणीच्या टोकाला मेणाचा दोरा गुंडाळत होता. ते एकच टोक आमच्याकडून राहून गेलं होतं. मला बघून म्हणाला, 'काका, हे टोक उसवेल बघा, कुणी बांधलं नव्हतं.' मी म्हटलं, 'नाही रे, राहिलं होतं.' दारात अण्णा कधी येऊन उभे राहिले आम्हाला कळलं नाही. 'दोरा घट्ट करून घे,' ते म्हणाले. त्याने केला.

ऑक्टोबरात होडी करंझाळ्याच्या किनाऱ्यावरून पाण्यात गेली. मुलगी सुकाणूवर, तो लहान दामणीवर. मोठी दामण कुणी धरायची यावर दोघांचं किनाऱ्यावरच भांडण झालं, ते तिने जिंकलं. तो म्हणाला, 'पुढच्या खेपेला मी.' पुढच्या खेपेसाठी त्याने डिसेंबरात आठ दिवस रजा टाकली.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. आमच्या वहीत आठ दोरांपैकी फक्त दोनच नावं आपल्या भाषेत आहेत, मोठी दामण आणि लहान दामण. बाकी सहा अजून इंग्रजीत आहेत. मालवण, वेंगुर्ला, कारवार, वसई, अलिबाग, कुठलीही मंडळी असोत, तुमच्या घरात कुणी तांडेल, कुणी खलाशी असेल, आजोबा असतील, तर त्यांना बसून विचारा. शीड चढवायच्या दोराला काय म्हणत? बूम दाबून धरणाऱ्या दोराला? सुकाणूच्या दोराला? लिहून पाठवा. अण्णा रोज संध्याकाळी विचारतात, 'आला का कुणाचा शब्द?'